खांदेमळणी

काकांच्या घरी राहायला जाण्याआधी मला कुत्र्यांची भीती वाटत असे. राहायला गेल्यावर ती गेली, कारण तेवढीच भीती काकांची वाटायला लागली आणि दोन्ही एकदम बाळगण्याइतकी मी धट्टीकट्टी नव्हते.

नव्या शतकाची चार-पाच वर्षं उलटली होती. जर्मनीत हार्झ नावाचे डोंगर आहेत, तिथल्या एका लहानशा गावातल्या विद्यापीठात मी पीएचडी करत होते. विषय होता धातूंना येणारा थकवा. पुन्हा पुन्हा भार पडला की न दिसणाऱ्या चिरा पडत जातात आणि एक दिवस चांगला दणकट दांडा काडकन मोडतो, त्याचा अभ्यास. माझी वसतिगृहातली मुदत संपत आली होती आणि मी विद्यापीठाच्या खानावळीत, म्हणजे मेन्झात, जाहिरातींचा फलक वाचत उभी होते. खोली भाड्याने देण्याच्या पंधरा-वीस चिठ्ठ्यांमध्ये एका जर्मन चिठ्ठीच्या तळाशी चक्क देवनागरीत लिहिलं होतं, 'मराठी माणूस असेल तर बरं. कुत्र्याला भिणाऱ्यानं येऊ नये.' आठ महिने देवनागरी फक्त आईच्या पत्रात पाहिली होती. मी दुसरं वाक्य वाचलंच नाही असं स्वतःला सांगितलं आणि बस पकडली.

गावाबाहेर, जंगलाला लागून घर होतं. मागच्या आवारात अकरा कुत्री एका सुरात रडत होती. दारात एक बुटका, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस निळ्या डगल्यात उभा होता. जर्मन कामगार घालतात तसला तो डगला होता. मुलाखत उंबऱ्यावरच झाली.

"गावाकडं बैलं हुती का?"

"आम्ही पुण्याचे. सदाशिव पेठेतले."

"म्हंजे न्हवती."

"नव्हती."

"भाकरी येती का?"

"नाही."

"मग येतंय तरी काय?"

"पीएचडी करते," मी म्हणाले. विषयही सांगून टाकला.

त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "लोखंडाला थकवा येतो हे कळायला पुण्यास्नं इथवर यायला लागलं? गाडीचा आख मोडला की कळतंय ते. आल्झो, ये आत. दार लाव, थंडी आत येतीया." 'आल्झो' म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग'.

काका आटपाडीकडचे, माणदेशातले. तरुणपणी टूलमेकरचं काम शिकायला जर्मनीत आले आणि वोल्फ्सबुर्गच्या मोठ्या मोटार कारखान्यात साचे घासण्यात त्यांची हयात गेली. इथल्याच मुलीशी लग्न केलं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या खिलार बैल, वडील शर्यतीचे गाडीवान, आणि हे पोरगं वयाच्या दहाव्या वर्षापासून वडिलांबरोबर छकड्यावर. जर्मनीत आल्यावर माणूस आईची आठवण काढतो, भाषेची काढतो, निदान आंब्याची तरी काढतो. काका बैलांची काढत. रोज. शेवटी काकू कंटाळल्या आणि त्यांनी एक हस्की जातीचं पिल्लू आणून त्यांच्या हातात ठेवलं. हा प्राणी ओढतो, घे आणि मला सोड, असं म्हणाल्या म्हणे. ते पिल्लू वर्षाचं झालं त्या आठवड्यातच काकांनी त्याला लाकडांच्या हातगाडीला जुंपलं. मी राहायला गेले तेव्हा काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एका पिल्लाची अकरा कुत्री झाली होती.

त्यांची नावं सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या, खिलाऱ्या अशी. कुत्र्यांमध्ये माद्याही असतात, आणि शर्यतीच्या बैलांमध्ये हा प्रश्न येत नाही, म्हणून माद्यांना त्यांनी गाईंची नावं दिली होती. तांबू, चंद्री आणि सगळ्यांत पुढे धावणारी, एक डोळा निळा नि एक तपकिरी असलेली कपिला. स्लेजच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या, जोड्यांमध्ये म्होरक्या कुत्र्यावर सगळी भिस्त असते. वाट तो शोधतो, हुकूम तो ऐकतो, बाकीचे त्याच्या मागे. "गाय म्होरं नि बैलं मागं, असं आमच्या गावात कुणी बगितलं असतं तर हसून मेलं असतं," काका म्हणत. मग काकूंच्या फोटोकडे बघून, "पर ह्या घरात पयल्यापास्नं असंच हाय."

जगभरात स्लेजच्या कुत्र्यांना ठरावीक हुकूम असतात. डावीकडे, उजवीकडे, थांब, पळ, सगळ्याला एकेक शब्द, आणि तो अलास्कापासून जर्मनीपर्यंत सारखाच. काकांना ते मान्य नव्हतं. त्यांची कुत्री 'डाव्याऽऽ' म्हटलं की डावीकडे वळत, 'उजव्याऽऽ' म्हटलं की उजवीकडे, 'हो हो होऽऽ' म्हटलं की थांबत, आणि काकांनी पोटातून 'भिर्रर्रर्र' अशी हाळी दिली की बर्फ उडवत सुटत. इतर कुत्रेवाले त्यांना समजावत, अहो, उद्या तुम्हाला कुत्रं कुणाला द्यायचं झालं तर? काका म्हणत, "मी द्यायचाच न्हाई." विषय संपला.

जुंपण्याआधी ही कुत्री जो गोंधळ घालतात तो ऐकून मी पहिल्या दिवशी खोलीचं दार आतून लावलं होतं. रडतात, भुंकतात, जागच्या जागी उड्या मारतात, दोर चावतात. पण नांगर सुटला, म्हणजे स्लेज जागेवर धरून ठेवणारा लोखंडी आकडा बर्फातून काढला, की एका क्षणात सगळी चिडीचूप. मग फक्त पायांचा आणि श्वासांचा आवाज. मी काकांना विचारलं, असं का? ते म्हणाले, "वज्जं खांद्यावं आलं की कोन बोलतंय?"

खाण्याची एक वेगळीच तऱ्हा. गावातला मांसविक्रेता त्यांना दर वेळी गाईबैलाची आतडी, काळीज असलं काहीतरी काढून दाखवी. कुत्र्यांना याच्यासारखं दुसरं काही नाही, असं तो कळवळून सांगे. काका मान हलवत. कोंबडी, मासे, मेंढीचं घेत आणि निघत. तो बिचारा एकदा मला म्हणाला, तुमच्या धर्मात कुत्र्यांनाही बंदी आहे का? मी घरी येऊन विचारलं तर काका म्हणाले, "धर्माचं काय न्हाई गं. सर्जा म्हनून हाक मारायची आणि ताटात बैल वाढायचा? मला न्हाई जमत."

आपल्याकडे मुलीचा बाप जसा स्थळांची चौकशी करतो तसे ते पिल्लू न्यायला येणाऱ्यांची करत. मी असताना कपिलाची एकदाच वीण झाली, पाच पिल्लं. त्यांना ते खोंड म्हणत. तीन दिवस काका आवारातल्या गवतावर पिल्लांजवळ बसून होते. अकराच्या वर आवारात जागा नव्हती, म्हणून पाचही चांगल्या घरी द्यायची होती. "घरात कोन कोन असतं? सकाळी कोन उठतं? आवार किती?" बर्लिनहून एक तरुण जोडपं आलं. ते चौथ्या मजल्यावर राहतात असं कळल्यावर काका हसले आणि अस्खलित जर्मनमध्ये म्हणाले, मग त्याने काय तुमची लिफ्ट ओढायची? ते दोघं चहा न पिताच गेले. ज्यांना पिल्लं दिली त्यांच्याकडे काका पुढचं वर्षभर न सांगता जाऊन टपकत. लोकांना त्याचं काही वाटत नसे, उलट काही जण केक करून ठेवत.

बर्लिनवरून आठवलं. काकांची एकुलती एक मुलगी बर्लिनला असे. पस्तिशीची, उंच, वडिलांचाच रुंद खांदा. महिन्यातून एका रविवारी यायची. मी ताईच म्हणायचे तिला. काका तिच्याशी मराठीत बोलत आणि ती जर्मनमध्ये उत्तर देई.

"दमलीस काय गं?"

"नाइन, पापा."

"कालवण वाढू?"

ती ताट पुढे करी. तिला सगळं समजतं हे उघड होतं, काकांच्या विनोदावर ती माझ्याआधी हसायची. एकदा ती गेल्यावर काका भांडी विसळता विसळता म्हणाले, "बोलता येतंय तिला. ल्हानपनी झकास बोलायची. मग शाळंत पोरं हसली, तवापास्नं जे बंद केलं ते केलं." थोड्या वेळाने म्हणाले, "मी बी मग म्हटलं, मी तरी का बदलू." दोघंही एकाच खाणीतले दगड. आणि ताईचा कुत्र्यांवर राग होता. तिचं सगळं लहानपण शनिवार-रविवारी आवारातली घाण उचलण्यात गेलं होतं आणि आईच्या आजारपणातही वडील ठरल्या वेळी कुत्री जुंपायला जात, हे ती विसरली नव्हती. हे तिनेच मला सांगितलं, अर्थात जर्मनमध्ये.

दारावर खिळ्याला एक तापमापक टांगलेला होता. पंधरा अंशांच्या वर पारा असला की काका कुत्र्यांना जुंपत नसत, मग ऑक्टोबर असो की काही. त्यामुळे उन्हाळाभर कुत्री आणि काका दोघंही बेकार. बर्फ पडेपर्यंत चाकांच्या गाडीवर सराव चाले. दुसऱ्या वर्षी पहिला बर्फ पडला तेव्हा त्यांनी मला स्लेजवर उभं केलं. सहा कुत्री पुढे. एकच नियम सांगितला, "पडलीस तरी हात सोडायचा न्हाई. बाकी काय बी कर." पहिल्याच वळणावर मी पडले आणि तत्काळ हात सोडला. सहा कुत्री रिकामी स्लेज घेऊन जंगलात दिसेनाशी झाली. काका धावत आले, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वाटेवर उभे राहून त्यांनी हाळी द्यायला सुरुवात केली. अर्धा तास. कपिला सगळ्यांना वळवून घेऊन आली. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण ते एकेका कुत्र्यापुढे गुडघ्यावर बसले आणि माझ्या वतीने माफी मागत गेले. "पुन्याची हाय. चुकलं तिचं. पुन्ना न्हाई व्हायचं." मला मात्र दोन दिवस भाकरी मिळाली नाही, पावावर भागवलं.

आता खांदेमळणी. काकांच्या गावाकडे पोळा नाही, बेंदूर असतो. त्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे कोमट पाण्याने धुऊन तेल-हळदीने चोळायचे, वर्षभर जू वाहून ते सोललेले असतात म्हणून. मग त्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. बैल मिरवायचे, पुरणपोळी खाऊ घालायची. काकांनी हा सण कुत्र्यांना लागू केला, फक्त तिथी बदलली. बेंदूर येतो आषाढात, आणि तेव्हा यांच्या कुत्र्यांच्या खांद्यावर काहीच नसतं. म्हणून त्यांनी ती हिवाळ्याच्या ऐन मधोमध ठेवली. वाटीत हळद, तेल, एकेकाला पुढे घ्यायचं, पट्ट्याखालची कातडी बोटांनी चाचपायची आणि हळूहळू चोळायचं. प्रत्येकाला तेच वाक्य. "खांदा म्होरं कर." आणि कुत्री करत. अगदी पिसाट ढवळ्यासुद्धा मुकाट्याने खांदा पुढे करी आणि डोळे मिटून घेई.

मी स्लेजवरून पडले त्या वर्षी मळणीच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावात शर्यत होती. तिथे जुंपण्याआधी जनावरांची डॉक्टर प्रत्येक कुत्र्याला तपासते. ढवळ्या मुळात पांढराशुभ्र. त्याचे खांदे पिवळेधमक पाहून तिचा चेहरा उतरला. जखम झाकायला काही लावलंय का, कावीळ आहे का, हे औषध परवानगीतलं आहे का? काका तिला बेंदूर समजावून सांगायला लागले. बैल, जू, माणदेश, पाऊस, सगळं. मागे रांग वाढत होती. मी मध्ये पडून म्हणाले, हळद आहे हो, आम्ही रोज खातो. तिने बोट लावून वास घेतला, केस बाजूला करून कातडी पाहिली. कुठे ओरखडाही नव्हता. मग तिने सांगितलं की पुसून आणा. हळद कशी पुसायची? आम्ही बर्फ घासला, साबण घासला, माझा रुमाल घासला. रुमाल पिवळा झाला, कुत्री तशीच. शेवटी तिने हसून सोडलं आणि अकरा पिवळ्या खांद्यांची कुत्री शर्यतीत धावली. शेवटून दुसरा नंबर आला. "खांदेमळणीच्या दुसऱ्या दिशी बैल जुंपत न्हाईत," काका परतताना गाडीत म्हणाले. "चूक माझीच. त्यांनी रजा घेतली, बरोबर केलं." त्यानंतर त्या भागात कुत्रेवाले लोक त्यांना पिवळ्या खांद्यांचा म्हातारा म्हणूनच ओळखायला लागले.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर काकांच्या छातीत दुखायला लागलं. आवारात पाण्याची बादली घेऊन ते खाली बसले. मी धावत गेले तर म्हणाले, "आदी ह्यांना पानी दे." रुग्णवाहिका मी बोलावली, पाणीही मीच दिलं. छाती उघडून ऑपरेशन करावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वजन उचलायचं नाही, ओढायचं नाही, आणि कुत्र्यांच्या स्लेजचं तर नावच काढायचं नाही, या वर्षी नाही आणि पुढेही नाही.

ताई सुट्टी काढून आली. आल्याबरोबर तिने वही उघडली आणि फोन करायला बसली. दोन कुत्री दक्षिणेकडे एका कुटुंबाला, तीन एका प्रशिक्षकाला, एक इथे, दोन तिथे. तिच्या दृष्टीने ती वडिलांना वाचवत होती आणि मला तिचं काही चुकतंय असं वाटत नव्हतं. काका पलंगावर छातीशी उशी धरून बसलेले असत, ऑपरेशननंतर खोकताना धरायला देतात ती. ते एवढंच म्हणत, "जोडी फोडायची न्हाई."

ताई जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, अकरा कुत्री एकत्र कोण घेणार?"

"मग मी हायच की."

"तुम्ही मराल," ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

त्या दिवशी काकांनी मला राजाची गोष्ट सांगितली. हा कुत्रा राजा नव्हे, गावाकडचा बैल. सर्जा-राजाची जोडी त्यांनीच शिकवलेली, शर्यतीत पहिली येणारी. काका जर्मनीला आले आणि दुसऱ्या वर्षी सर्जाला साप चावला. वडिलांनी राजाबरोबर दुसरा बैल जुंपून पाहिला. राजाने जू घेतलं नाही. उभा राही, मान खाली घाली, मग बसून जाई. वैरण सोडली. "पत्र हितं आलं तवर तो बी ग्येला हुता," काका म्हणाले. "मी हाळी दिली असती तर उठला असता. माझ्या आवाजाला उठायचा त्यो." एवढ्या वर्षांनीही ते सांगताना त्यांना रडू येत होतं आणि छाती दुखत होती, त्यामुळे धड रडताही येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी ताईला जाऊन ते सांगितलं. तिने ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. तिने वहीतलं पान फाडलं.

पलीकडच्या खोऱ्यात जंगल खात्याची एक बाई होती. तिच्याकडे स्वतःची सहा कुत्री आणि भलंमोठं आवार. काकांना ती ओळखत होती, हळदीच्या शर्यतीत ती पहिली आली होती. ती म्हणाली, सगळी अकरा घेते, पण माझ्या हाताखाली चालली पाहिजेत, नुसती पोसायला मला परवडायची नाहीत. रविवारी येते, जुंपून बघते. म्हणजे सगळं त्या रविवारवर आलं. चालली तर एकत्र राहतील, नाहीतर ताईला नवं पान लिहावं लागणार.

रविवारी सकाळी छान कडक बर्फ होता. काका कुंपणाशी खुर्चीत, अंगावर दोन घोंगड्या, छातीशी उशी. आठ कुत्री जुंपली, पुढे कपिला. नेहमीचा गोंधळ, रडारड. जंगलवाल्या बाईने आकडा काढला आणि तिच्या नेहमीच्या शब्दांत हुकूम दिला. कुत्री गप्प झाली. मग कपिलाने मागे वळून काकांकडे पाहिलं आणि ती बर्फात खाली बसली. तिच्यामागे एकेक करत सगळी बसली. बाईने आकडा पुन्हा रोवला, पुन्हा काढला, पुढे जाऊन कपिलाचा पट्टा ओढून पाहिला. एकही कुत्रं हललं नाही.

काकांनी हाळी द्यायला तोंड उघडलं. 'भि' एवढंच आलं आणि खोकला लागला. ते उशी दाबून वाकले. बाईने माझ्याकडे पाहिलं. ती भाषा तुलाही येते ना?

मी पुढे झाले, घसा साफ केला आणि 'भिर्र' म्हणाले. कपिलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी पुण्यात ग्रंथालयात कुणी मोठ्याने बोललं की पाहिलेली आहे. "शुद्ध बोलतीया," काका खोकल्यातून कसेबसे म्हणाले. मी पुन्हा ओरडले, आणखी मोठ्याने. खिलाऱ्याने जांभई दिली.

ताई इतका वेळ घराच्या भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. ती चालत आली. बाईला तिने बाजूला केलं, स्लेजच्या मागच्या फळ्यांवर पाय ठेवले, दोन्ही हातांनी दांडा धरला. एकदा वडिलांकडे पाहिलं. आणि तिने हाळी दिली.

"भिर्रर्रर्रर्र! चल गं कपिलेऽऽ!"

तो आवाज माणदेशातला होता. तोच ताण, तोच पोटातून आलेला र. पुण्यात अख्खा जन्म काढून मला जो जमला नाही तो बर्लिनच्या या बाईच्या गळ्यात जसाच्या तसा होता. आठ कुत्री एकदम उठली आणि स्लेज सुटली. खालच्या वळणावर तिचं "डाव्याऽऽ" ऐकू आलं. तिथे उतार आहे, मी जिथे पडले तेच ते वळण. स्लेज कलंडली. ताई आडवी झाली आणि बर्फातून फरफटत गेली, दहा पावलं, पंधरा पावलं. मग "हो हो होऽऽ." कुत्री थांबली. ती उठली, स्लेज सरळ केली, पुन्हा चढली.

काका खुर्चीतून अर्धवट उठले होते. "हात सोडला न्हाई," ते मला म्हणाले. "बगितलंस का? हात सोडला न्हाई तिनं."

ती परत आली तेव्हा तिच्या विजारीचे गुडघे फाटले होते आणि तोंड लाल झालं होतं. जंगलवाली बाई म्हणाली, घेते सगळी, पण हे ओरडणं मला कोण शिकवणार? ताई म्हणाली, मी येईन दर रविवारी.

आणि ती आली. तो अख्खा हिवाळा दर रविवारी बर्लिनहून; बाईचा आवाज ओळखीचा होईपर्यंत कुत्री आमच्याच आवारात होती. दोघी बर्फात ओरडत असत आणि काका खुर्चीतून दुरुस्त्या करत. "जिभेनं न्हाई, पोटातनं! गेनाऊ! बराब्बर! आता बैल उठंल." जंगलवाल्या बाईचा 'र' घशातच अडकायचा, पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी कपिलाने मोठ्या मनाने तो चालवून घेतला. ताई मात्र कुत्र्यांशी मराठी आणि वडिलांशी जर्मन असाच हिशोब ठेवून होती. जेवायला बसल्यावर "कालवण वाढू?" आणि उत्तरादाखल ताट पुढे. काकांनी तिला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मला आवारात गाठून मात्र विचारत, "आज काय काय बोलली गं ती कपिलाशी?" मी जेवढं आठवेल तेवढं सांगायची.

फेब्रुवारीच्या शेवटी कुत्री न्यायला बाई यायची होती. आदल्या दिवशी काका पहाटेपासून अस्वस्थ. दुपारी ते म्हणाले, "औंदा खांदेमळणी ऱ्हायली." डॉक्टरांनी अजून वाकायला मनाई केली होती आणि मला त्यातलं काही जमणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. ताईने ऐकलं. तिने स्वयंपाकघरात जाऊन हळदीचा डबा काढला, तेल कोमट केलं, वाटी घेऊन आवारात गेली. काका खिडकीत बसले. तिने एकेकाला पुढे घेतलं, पट्ट्याखालची कातडी बोटांनी चाचपली आणि हळूहळू चोळलं. लहानपणी तिने हे किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे. काच बंद होती त्यामुळे शब्द ऐकू येत नव्हते, पण ढवळ्याने खांदा पुढे करून डोळे मिटलेले आम्हाला दिसले. अकराही झाली. जंगलवाल्या बाईला निदान आठवडाभर जुंपू नका म्हणून सांगायचं, असं काका पुटपुटले.

ताई आत आली. हात कोपरापर्यंत पिवळे, वाटीत थोडं उरलेलं. मला वाटलं ती ते ओट्यावर ठेवेल. ती काकांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ऑपरेशननंतर त्यांचे खांदे फार दुखत, हात नीट वर जात नसत, ते आम्हाला दोघींनाही माहीत होतं. तिने त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं, सदरा मागे सारला आणि म्हणाली,

"खांदा म्होरं कर, पापा."

काकांनी खांदा पुढे केला. ती चोळत राहिली, आधी डावा, मग उजवा. बाहेर कुत्र्यांचा गलका चालू होता. काकांनी मात्र ढवळ्यासारखे डोळे मिटून घेतले होते.